चार सूत जादा

ता. ४ ऑगस्ट

चि. टाचणीस,
अ. उ. आशीर्वाद.

दादाने बोट पार्सल केली म्हणून घाबरू नकोस. रिमोटवर चालणारी, दीड हाताची आहे, टेबलावर मावेल. मोटरपासून मागच्या पंख्यापर्यंत एक वाकडी पितळी नळी जाते आणि तिच्यात तारांचा पीळ असलेला लवचीक शाफ्ट फिरतो. पितळ आतून झिजलंय. बोट सुटली की चमच्यांचा डबा हलवावा तशी खडखडते, आणि नळी फुटून पाणी शिरायची धास्ती वाटते. तू शाफ्ट काढून नळीत सोबतचं प्लॅस्टिकच्या नळीचं पांढरं गुळगुळीत अस्तर ओढ, दोन्ही टोकांना पितळेच्या बरोबरीने काप आणि शाफ्ट ग्रीस लावून परत घाल. पंख्यापाशी काडेपेटीच्या काडीएवढी फट ठेव, जोर आला की पीळ आखडतो.

तीस तारखेला तळ्यावर शर्यत आहे. क्लबातल्या कुणाला विचारायचं नाही. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, बाकी काही नाही. अस्तर लावण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही, म्हणून तुलाच त्रास.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा

ता. १२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोट कटिंगच्या टेबलावर मधोमध बसली आहे. गिऱ्हाइकं कोट न्यायला येतात आणि बोटीचीच चौकशी करून जातात. काय घासलंयस रे लाकूड! जोड कुठे आहे त्याचा बोटाला पत्ता लागत नाही. चाळीस वर्षं तुझ्या खेळण्यांची चेष्टा केली, ते सगळे शब्द मागे घेते.

अस्तर वळणावर अडलं. ढकललं की घडी पडायची. मग टोक तिरपं कापलं, त्यात पक्का दोरा ओवून सुईसकट पलीकडे सोडला आणि एका हाताने ढकलत, दुसऱ्याने ओढत, नाडी घालतात तसं आणलं.

एक गुन्हा कबूल करते. मोटरकडच्या टोकाला बरोबरीने न कापता चार सूत, म्हणजे अर्धा इंच, जादा ठेवलं. शिवणीसाठी कापड सोडल्याशिवाय माझी कात्री चालतच नाही. बादलीत पंखा फिरवून पाहिला, तर अस्तर शाफ्टबरोबर गरगरत मागे सरकायला लागलं. तुला जसा उपदेश चिकटत नाही तसा त्याला गोंद चिकटत नाही. शेजारच्या न्हाव्याकडे माशांची टाकी आहे. तिच्या पंपाची रबरी नळी बोटभर मागून आणली आणि निम्मी पितळेवर, निम्मी त्या चार सुतांवर चढवली. आता जागचं हलत नाही. बोट उद्या पाठवते.

दादा, तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत. तुझं अक्षर कसं पट्टीने आखल्यासारखं असायचं. खरं सांग, किती दिसतं?

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
टाचणी

ता. २० ऑगस्ट

चि. टाचणीस,
अ. उ. आशीर्वाद.

मानलं तुला! आयुष्यभर फिटर म्हणून मिरवलो, दर मोसमात एक अस्तर घातलं, ते शाफ्टने पहिल्या फेरीतच चघळून टाकलं, पण चार सूत जादा ठेवायचं एकदाही सुचलं नाही.

आता डोळ्यांचं. समोर सगळं धुकं, कडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले की यापुढे सुधारणा नाही. दोन वर्षं मी बोट कानांनी चालवतोय. खडखडाट डावीकडे गेला की उजवीकडे वळवायची. काल सकाळी तळ्यावर तुझं अस्तर लावलेली बोट सोडली, आणि ती इतकी मुकाट पळाली की कुठे गेली तेच कळेना. लव्हाळ्यात रुतलेली ती बागेच्या माळ्याने काढून दिली. आवाज गेला की माझे डोळेही गेले, एवढं साधं मला आधी सुचू नये!

अस्तर उपसून टाकतो. नळी फुटली तर फुटली, ही शर्यत तेवढी होऊ दे. बोटींचा नाद सुटला तर माझ्यात काय उरेल, याची मला भीती वाटते.

माझी कीव न करता लोभ ठेव.
तुझा,
दादा

ता. २३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अस्तराला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. मी लावलेलं अस्तर आजवर कुणी उसवलेलं नाही.

एकोणतीसला संध्याकाळच्या गाडीने येते. रिमोट तू धर, मी मागे उभी राहीन. डावी बाही ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे, दोन्ही ओढल्या तर थांब. लहानपणी सायकलवर मागे बसून मी तुला असंच वळवायचे. तेव्हा तर तुला लख्ख दिसत होतं, तरी खड्ड्यात घातलीसच. आणि क्लबात खरं काय ते सांगून टाक. लपवण्यात कसला आलाय मोठेपणा?

येईपर्यंत भांडण शिल्लक ठेव.
तुझी,
टाचणी

ता. २ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आशीर्वाद.

तू पुठ्ठ्याला दोरे ताणून दिलेस, त्यांच्या मधून हे लिहितोय. सातांत चौथे आलो, याचं क्लबात अजून कौतुक चाललंय. बाह्या ओढू नयेत असं नियमात कुठेही नाही, हे सचिवांनी दोनदा वाचून खात्री करून घेतलं. माझी डावी बाही खांद्यात उसवली आहे. ती तशीच राहणार आहे.

तळ्यावर एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या फेरीत बोट आपल्या समोरून गेली. तू श्वास रोखून धरला होतास, आणि मला एक बारीक आवाज आला, तुझी कात्री नव्या कापडातून न थांबता सरळ धावते तसा. बोट पाणी कापत होती. चाळीस वर्षं बोटी केल्या, पण खडखडाटाखाली हा आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता. पुढच्या मोसमात त्याच्यावर बोट चालवायला शिकेन. तोवर बाह्या ओढायला येत जा.

ओळी सरळ आल्या का, ते कळव.
तुझा,
दादा