वणवेकरी

३ एप्रिल २०१६, रविवार

अग्निऋषी! म्हणे अग्निऋषी!

 विरूपाक्षनं पुण्याहून छापून आणलेलं खेळाचं पुस्तक टेबलावर टाकलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्र — जटा, दाढी, हातात पेटता दंड. खाली छापलंय : कल्पना आणि लेखन — विरूपाक्ष, आडनावासकट. पान उलटलं. माझी ठिणगी. माझा धूरपडदा. माझी राखझोप. नावं बदलली, हाडं माझीच.

माझी वणवेकरी बाई होती. डोक्याला फडकं, कमरेला चकमक, पायात काही नाही. तिला दाढी फुटली!

आमच्यासोबत खेळणारा पंढरी ओरडला, "अरे, हे तर विशाखाचं हाय!" विरूपाक्ष हसला. "सगळ्यांचंच की. आपल्या ग्रुपचं."

 खेळ झाल्यावर त्याच्या बोअरवर पाण्याचा कॅन भरला आणि घरी आले. कॅन भरला, याचाच जास्त राग येतोय.

४ एप्रिल

नीलामावशीला (घरमालकीण, पण मी मावशीच म्हणते) सगळं सांगितलं. तिला आधी खेळच कळेना. "पत्त्याचा हाय का?"

म्हटलं, "गोष्टीचा. एक जण अख्खं जग सांगतो — तो विरूपाक्ष. बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन राहतात. कुणी लढवय्या, कुणी वैदू. काही करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा पडला की जमलं. फासा म्हणतो ते झालं."

"आन् तू कोण होतीस?"

"वणवेकरी. जंगल राखणारी. पण आगीनं राखणारी."

"आगीनं कुठं जंगल राखतेत माय?"

राखतात. बाबा राखतात. किनवटला वनरक्षक आहेत, दर साल फेब्रुवारीत जाळरेषा काढतात — मोठ्या आगीच्या वाटेतला पाचोळा आपणच आधी जाळून टाकायचा, पट्टा मोकळा करायचा, म्हणजे वणवा तिथं येऊन उपाशी मरतो. लहानपणी मी त्यांच्या मागं ओली फांदी घेऊन चालायचे. परक्या पुस्तकांतले जंगलाचे जादूगार आगीला भितात. मला कधी पटलं नाही ते. म्हणून वणवेकरी केली. आधी रेषा, मग आग — हा तिचा पहिला नियम. जळालं ते परत येत नाही, राखेतून उगवतं ते नवं असतं — हा शेवटचा. मधलं सगळं दोन वर्षं खेळून खेळून बसवलं.

विरूपाक्षनं पहिला नियम काढूनच टाकलाय. "खेळायला बोअर होतो," म्हणे.

६ एप्रिल

आज डाळमिलवर गेले. त्याच्या वडलांची मिल. यंदा तूरच नाही, मशीन बंद, म्हणून गोदामात आमचा खेळ चालतो. एकटाच होता. सरळ विचारलं, "माझं नाव का नाही?"

"अगं, मूळ तुझंच हाय, मी कुठं नाही म्हणतो? पण वणवेकरी म्हणलं तर पुण्यात कुणाला काय कळणार? ऋषी म्हणलं की लगेच पोचतं. आन् तुझं आडनाव..."

"काय माझं आडनाव?"

"काही न्हाई. कव्हरवर लांब झालं असतं."

तीन अक्षरं आहेत माझ्या आडनावात!

त्याचं पाच अक्षरी मावलं की नीट.

८ एप्रिल

सोडणार नाही.

१० एप्रिल, रविवार

आज जाणारच नव्हते. सकाळी मावशी रिकाम्या माठाशेजारी बसलेली. आमच्या गल्लीत टँकर कधी येतो ते टँकरवाल्यालाच माहीत. टाक्यांजवळ पोलीस उभे, पाच माणसं एकत्र दिसली की हुसकून लावतात. होस्टेलची पोरं गावाला गेली. माझीही रूम सुटली असती, पण विरूपाक्षच्या बोअरला पाणी आहे आणि खेळणाऱ्याला एकेक कॅन न्यायची मुभा आहे. मावशीची आंघोळ, माझं पिणं, सगळं त्या कॅनवर.

म्हणजे ज्यानं लुटलं त्याच्याच दारात भांडं घेऊन उभं राहायचं!

गेले. हसले. खेळले.

खेळता खेळता भिंतीवर लक्ष गेलं. रत्नकोट. विरूपाक्षचं राज्य, तीन वर्षं रंगवत आणलेला नकाशा. सात बुरूज, बाजार, तलाव, आणि भोवतीनं पळसाचं रान. यंदा त्यानं खेळातही दुष्काळ आणलाय. तलाव आटवला, रान वाळवलं. स्वतःच्या हातानं!

घरी येईपर्यंत मला काय करायचंय ते कळलं होतं.

१३ एप्रिल

पाण्याची रेल्वे आली. लोक इंजिनाला हार घालून राहिलेत. मावशी म्हणाली, "आपल्या नळाला कधी?" कुणाला माहीत.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसले, पुतळ्याला हार घातला. मिरवणुकीत ढोल असे वाजत होते की छातीत बसत होते. बाबांचा फोन आला, किनवटहून. मी विचारलं, "बाबा, रेषा न काढता आग लावली तर?"

"मंग ती तुझी राहत न्हाई माय. वाऱ्याची होती."

"आणि वारा आपल्याला पाहिजे तिकडंच असला तर?"

 "कुणाचं रान जाळायलीस?"

म्हटलं, खेळातलं. हसले. त्यांना वाटलं अभ्यासातलं काहीतरी असेल.

१७ एप्रिल, रविवार

मी आज इतकी गोड वागले की पंढरीला संशय आला. माझी वणवेकरी रत्नकोटच्या राजाच्या सेवेत शिरली. "रान राखायला ठेवा मला महाराज." विरूपाक्ष खूश. त्याला वाटलं राग गेला. पश्चिमेच्या चौकीवर नेमलं मला. पश्चिमेच्या! वैशाखात वारा तिकडूनच येतो, हे त्यानंच मागं लिहून ठेवलंय.

मुक्काम कोंडाबाईच्या खानावळीत, वेशीबाहेर. कोंडाबाई म्हणजे पंढरी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला एवढा दांडगा माणूस, पण कोंडाबाई झाला की पदर सावरल्यासारखा हात करतो, आवाज खाली येतो. "बस गं माय. उपाशीपोटी कोणाचं भलं झालंय? भाकर टाकते, घे, ठेचा लाव." गेल्या साली त्याची आई गेली. तिचं नाव कोंडाबाईच. पुढच्याच रविवारी तो लढवय्या सोडून खानावळवाली होऊन आला. आम्ही कुणीच काही विचारलं नाही. तेव्हापासून प्रत्येक रविवारी ती आम्हाला जेवू घालते.

आज तिनं माझ्या वणवेकरीचा चेहरा बघून विचारलं, "कोणावर डूख धरून हाईस गं?"

"कुणावर नाही मावशी."

"हाव, दिसून राहिलंय."

२० एप्रिल

विरूपाक्षला पुण्याहून बोलावणं आलं. अग्निऋषीवर भाषण देणार. ग्रुपवर टाकलं त्यानं. मी खाली 'छान'चा अंगठा टाकला. शाबास!

२४ एप्रिल, रविवार

चौकीवर आठवडाभर पाचोळा गोळा करवला राजाच्या शिपायांकडून. "साफसफाई" म्हणून. ढीग सगळे तटाच्या बाजूला. विरूपाक्ष म्हणाला, "काय कामाची हाय गं तुझी बाई!" मी मान खाली घातली. हसू आवरेना.

निघताना पंढरी सायकलपाशी थांबला. "विशाखा, काय शिजवून राहिलीस?"

"काही नाही."

"त्यानं चोरलं, मला पटतंय. म्हणून मी पण त्याला बोललो. पण तू लई गप हाईस."

त्याला सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं.

१ मे, रविवार

झालं. जाळलं.

सकाळी चौकात झेंडा, भाषण — उदगीर जिल्हा करा, अंबाजोगाई करा, ज्याला त्याला नवा जिल्हा पाहिजे. मी ऐकत होते आणि डोक्यात नुसतं रत्नकोट.

दुपारी गोदामात पंखा फिरत होता, पत्रा तापलेला. राजाचा उत्सव चाललेला. विरूपाक्ष अगदी रंगात येऊन सांगत होता — तोरणं, हत्ती, दरबारात अग्निऋषीचा सत्कार. हो, त्यानं त्याला खेळातही आणलं! माझ्यासमोर! राजा उठतो, शाल घालतो —

मी म्हटलं, "मी चकमक काढते."

"काय?"

"चौकीवर आहे मी. चकमक काढते. पाचोळ्याला लावते."

 पंढरी एकदम पुढं वाकला. "विशाखा. रेषा?"

"नाही."

"रेषा काढ आधी. तुझाच नियम हाय."

"पुस्तकात नाही तो नियम. विरूपाक्षला विचार. बोअर होतो."

विरूपाक्षचा चेहरा! त्या चेहऱ्यासाठी महिनाभर हसत बसले होते मी. कागदासारखा झाला. मला थांबवणार होता, पण आपलंच छापलेलं आडवं आलं. हळूच म्हणाला, "वाऱ्याचा फासा टाक."

टाकला. वीस. याच्या वर आकडा नाही.

मग त्यानं सांगितलं, आणि नीट सांगितलं, चोर असला तरी सांगतो चांगलं. पळस पेटले, बाजार पेटला, बुरूज एकामागून एक. सांगता सांगता उठला आणि भिंतीवरच्या नकाशावर काळ्या खडूनं स्वतःच फासत गेला. पूर्वेपर्यंत.  मी एकेका बुरुजाला आतल्या आत टाळी देत होते.

आणि मग तो मागं सोडलेल्या वेशीपाशी आला. थांबला. पंढरीकडं बघितलं.

खानावळ. पश्चिमेची वेस. चौकी आणि तट यांच्या मधोमध. मला माहीत होतं ना? मी रोज तिथंच तर जेवत होते. पण खरं सांगते, मला तट दिसत होता फक्त. तटाच्या अलीकडचं दिसलंच नाही.

"पंढरी, पळायचा फासा टाक," विरूपाक्ष म्हणाला. "सोपा देतो. पाचच्या वर काहीही."

पंढरी कोंडाबाईच्या आवाजात म्हणाला, "माडीवर वाटसरू निजलेत बाबा. त्यांना उठवल्याबिगर कशी जाऊ?"

"मग आत जायचा टाक. हा अवघड आहे."

टाकला. तीन.

 पंढरीनं कोंडाबाईचं नाव-गुण लिहिलेला खेळातला कागद घेतला, चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात घातला. बाहेर पडला. त्याचा कॅन तिथंच, रिकामा.

मी माझा उचलत होते तर विरूपाक्ष म्हणाला, "भरून घे. आपलं भांडण पाण्यावर नको." मला त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं. रडायला हवं होतं त्यानं, शिव्या द्यायला हव्या होत्या! पाणी काय देतोस?

दोन्ही कॅन भरले. दुसरा पंढरीच्या दाराशी ठेवून आले. दार उघडलं नाही.

२ मे

रत्नकोट जळालं. त्याचं सगळं जळालं. हेच हवं होतं. हेच हवं होतं मला.

४ मे

दुकानावर गेले. पंढरी डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी फोन उघडून बसलेला. वर बघितलं नाही.

"पंढरी, मला तिला मारायचं नव्हतं."

"गेमच हाय की."

"तसं नको बोलू."

"मंग कसं बोलू?" स्क्रू फिरवत राहिला. "दवाखान्यात गेली तवा मला कुणी फासा दिला नव्हता. आता दिला, तर तीन पडले. दुसऱ्यांदा गेली, एवढंच. तू कशाला आलीस उन्हाची?"

गिऱ्हाईक आलं. मी निघाले.

मी त्याला विचारलं असतं, "तुझी आई आत आहे, जाळू का?" तर काय म्हणाला असता? विचारायचं एवढंच तर होतं.

८ मे, रविवार

पंढरी आला नाही. मी विरूपाक्षला म्हटलं, "कोंडाबाईला परत आण. कुणीतरी वाचवलं म्हण. विहिरीत उडी टाकली म्हण. तुझं जग आहे, तुझ्या हातात आहे."

तो काळ्या नकाशाखाली बसलेला. दाढी वाढलेली. "न्हाई आणता येत."

"का?"

"जळालं ते परत येत नाही. वणवेकरीचा नियम हाय. विशाखाचा."

आता! आता म्हणे विशाखाचा! पुण्यात जीभ कुठं गेली होती? मी ओरडले, लई ओरडले, इतक्या दिवसांचं सगळं. त्याच्या तोंडावर त्याचं पुस्तक फेकलं. त्यानं उचललं, धूळ झटकली. "पुढच्या आवृत्तीत नाव टाकतो," म्हणाला. अगदी खालच्या आवाजात.

नको मला ते नाव. राग तसाच आहे, एक कणही उतरला नाही. फक्त आता तो दोघांवर आहे. त्याच्यावर, आणि माझ्यावर.

१५ मे

गेले नाही. मावशी म्हणाली, "पाण्याचं बघू माय, पण तू अशी भिंतीकडं तोंड करून बसू नको."

२१ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात गेले. भंते वैराबद्दल बोलून राहिले होते. मी मागच्या दाराजवळ बसले, खीर न घेता आले.

२९ मे, रविवार

पंढरी आला. सरळ माझ्यासमोर बसला. नवा कागद काढून विरूपाक्षपुढं ठेवला. विरूपाक्षनं मोठ्यानं वाचलं — "नाव : व्यंकटी. कोंडाबाईचा लेक. आई जळाली तेव्हा बाहेरगावी होता. आता तोही वणवेकरी."

"काय पाहिजे त्याला?" विरूपाक्षनं विचारलं.

पंढरी माझ्याकडं बघून म्हणाला, "ती. आग लावणारी."

फासा माझ्या हातात होता. मी त्याला दिला.