कातळ्यांची बोली

४ जानेवारी, रविवार

आमच्या रविवारच्या गोष्टीच्या खेळात कातळे आले एकदाचे! कधीपासून डोक्यात घोळवत होते. डोंगराच्या पोटात राहणारी जमात, दगड फोडून खाणारी, अंधारात गावात शिरून पोरं उचलणारी. जन्मतःच दुष्ट. असल्या खेळात असं कुणीतरी लागतंच — ज्यांना मारताना वाईट वाटू नये. फासे टाका, मारा, पुढे व्हा.

रियाज, उज्वला वगैरे मित्रमंडळी गावाच्या बाजूची पात्रं होऊन बोलतात; खेळ चालवणारी मी, म्हणजे राक्षसांची तोंडंही माझीच. सरदाराला आवाज काय द्यावा सुचेना. ऐनवेळी घसा खरवडून म्हटलं, "कोन शे रे तठे? तुम्हना बापनी जागा शे का?" रियाज हसून खुर्चीतून पडायचा बाकी. उज्वला म्हणाली, "आता सगळ्या कातळ्यांनी असंच बोलायचं हं." मग काय, बोलले सगळे. गंगापूर रोडला राहायला आल्यापासून घरात एवढं हसू पहिल्यांदाच.

आई आत झोपली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सटाण्याहून आणलंय तिला; ते झालं, आता थोडे दिवस इथेच. जागी असती तर चहा करायला उठली असती.

६ जानेवारी

आईचं काहीतरी बिनसलंय. सकाळी म्हणाली, "तू डबा घेतलास का?" घेतलास! जन्मभर "डबा लिधा का वं?" विचारणारी बाई. बरं नाही का म्हटलं, तर म्हणे, "मला छान वाटत आहे." रेडिओवरच्या बातम्या ऐकतेय असं वाटलं.

९ जानेवारी

अजून तेच. नव्या गोळ्यांचा परिणाम असेल म्हणून डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, माणसाची भाषा बदलणारी गोळी अजून निघालेली नाही. फोन ठेवल्यावर माझंच मला हसू आलं.

११ जानेवारी, रविवार

आज सरदार जखमी झाला. गयावया करू लागला, त्याच बोलीत. सगळे पोट धरून हसले. तेवढ्यात आई भिंतीला धरून बाहेर आली. "चहा ठेवला आहे, घेऊन या कुणीतरी."

रियाजनं विचारलं, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"सटाण्याच्या."

त्याचं हसू मावळलं. मग जिन्यात मला थांबवून म्हणाला, "यार मैना, ती कातळ्यांची भाषा काकूंची आहे का?"

"खेळ आहे रे."

"मागच्या वेळी आतलं दार उघडंच होतं."

१२ जानेवारी

ऑफिसात लक्ष लागलं नाही. गोळी वगैरे काही नाही, मीच.

मुद्दाम केलं नव्हतं. पण मग दुष्ट, अडाणी, मारायच्या लायकीच्या प्राण्याला आवाज हवा म्हटल्यावर मला तीच बोली का सुचली? लहानपणी आम्ही ओझरला होतो, तिथल्या शाळेत आई डबा घेऊन फाटकाशी यायची, ती काहीही बोलली तरी मी उत्तर पुस्तकी मराठीत द्यायची. जोरात, मैत्रिणींना ऐकू जाईल असं. आयुष्यात आईच्या अहिराणीचं एक वाक्य मी तोंडातून काढलं नाही. पहिल्यांदा काढलं ते राक्षस होऊन.

फार लाज वाटते आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. आईनं तिळगूळ हातावर ठेवला, शुद्ध मराठीत. मी ठरवून ठेवलं होतं. पाया पडले आणि म्हटलं, "माय, मन्ही चूक व्हयनी."

आवाज सरदाराचाच निघाला! तोच खरवडलेला. मला ही भाषा दुसऱ्या आवाजात येतच नाही.

आई म्हणाली, "घसा बसला आहे का तुझा? गरम पाणी घे."

१८ जानेवारी, रविवार

आईला खेळायला बसवलं. नाही नाही म्हणत बसली. सगळं नीट ऐकून घेतलं आणि रियाजला विचारलं, "पोरं यांनीच उचलली, हे पाहिलं कुणी?"

"नाही काकू. गावातले सांगतात."

"मग यांना विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर त्यांना जन्माला घातलंय. मग सरदार आईकडेच दिला. ती खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "या, बसा. जेवलात का आपण?" उज्वलेनं फासे खाली ठेवले. आज कुणीच मेलं नाही. आईही हसली, मनापासून.

जेवताना तिनं खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मिटलं बहुतेक. हायसं वाटलं.

२४ जानेवारी

मामा येऊन आईला सटाण्याला घेऊन गेला. निघताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. घर एकदम मोठं झालंय.

२५ जानेवारी, रविवार

सटाण्याला फोन केला. मामीनं उचलला. मागे आई शेजारणीला भरभरून सांगत होती, "मन्ही मैना भलती हुशार शे वं..." मामी म्हणाली, "मैनाना फोन शे." आई बोलता बोलता थांबली. मग फोनवर आली.

"हां, मैना. मी मजेत आहे. तू जेवलीस का?"