वाटेवर आहे

अवधपुरी, भोपाळ
१० नोव्हेंबर २०२४

चि. लीलास अनेक आशीर्वाद.

पन्नास वर्षांपूर्वीचा एक आवाज परवा कानात पुन्हा वाजला. सँडलच्या सुटलेल्या बक्कलचा. मी शिकवायचो त्या चौथीच्या वर्गात रजनी नावाची मुलगी होती. रोज उशिरा, रोज धावत, आणि उजव्या पायातलं बक्कल रोज सुटलेलं. व्हरांड्याच्या फरशीवर ते किणकिणलं की मी हजेरीत तिचं नाव घ्यायचो आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, वाटेवर आहे! पुढे तशी पद्धतच पडली. गैरहजर कुणीही असो, वर्ग त्याच्यासाठी तेच म्हणायचा. मोठेपणी कोण होणार असं विचारलं की रजनी माझ्या खुर्चीकडे बोट दाखवायची. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. घराला कुलूप. कुणी बदली म्हणालं, कुणी नुसती मान हलवली. मी वर्षअखेरपर्यंत नाव घेत राहिलो, पोरं म्हणत राहिली. शेवटी हेडमास्तरांनी नाव कमी करायला लावलं.

आता बातमी. माझी कवितेची शाळा सुरू झाली! पुढच्या खोलीत सतरंजी, संध्याकाळी पाच वाजता. बारा-तेरा मुलं येतात. मराठी घरातली, पण भांडतात हिंदीतून. शेजारचे अमोलभाऊ, कारखान्यातून निवृत्त झालेले, तेही मांडी घालून बसतात. आणि एक पल्लवी आहे. शिक्षिका व्हायचं म्हणून शिकली, पण वर्गापुढे उभी राहिली की शब्द घशातच राहतो. दोन शाळांनी परत पाठवलं. तिला उभं करायचं हे मी मनावर घेतलं आहे.

पहिल्या दिवशी पोरांना ती जुनी पद्धत शिकवली आणि हजेरी घेतली. शेवटच्या नावानंतर, कसं कोण जाणे, सवयीने तोंडातून निघून गेलं: रजनी. पोरं काय, ओरडली. आम्ही सगळे हसलो.

माझा दम आता दोन कडव्यांत संपतो. तू ये. आई गेली नि सातवीतच तुझी शाळा सुटली. त्याआधी मोरीतल्या बादल्या-तपेल्यांना ओळीत बसवून तू त्यांना कविता शिकवायचीस, वाकड्या तपेलीला ढ म्हणायचीस. इथे खरी मुलं आहेत.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
अनंतदादा

नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसूही आलं नि रडूही. ढ तपेली अजून आहे, तिच्यात मी तुळशीचं रोप लावलं आहे. तुमची शाळा झाली, फार बरं वाटलं. पण मला कसली बोलावता? गुडघे बोलतात नि कान ऐकत नाहीत, अशी माझी गत. यंत्र लावूनही सूनबाईचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून तर आपली ही पत्रं. मुलांनी कविता म्हटली ती बरोबर की चूक हे मला कसं कळणार? सत्तरी उलटलेल्या बाईला विद्यार्थी म्हणून घ्याल तर घ्या, शिकवणारी बाई म्हणून नको.

एक सांगू? रागावू नका. जिचं काय झालं हे आपल्याला ठाऊक नाही, तिचं नाव घेऊन ‘वाटेवर आहे’ म्हणू नये. निघालेलं माणूस कधीतरी पोचतं.

आले-लिंबाचा रस घ्यावा. या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
आपली,
लीला

अवधपुरी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. लीलास आशीर्वाद.

तुझं पत्र यायला उशीर झाला गं. पोरांना खेळच लागला होता. मी नाव विसरलो तर तीच आठवण करून द्यायची आणि खिदळत ओरडायची.

गेल्या आठवड्यात ते खिदळणं थांबलं. ओरडून झालं, नि त्या शांततेत मोठ्या रस्त्याच्या वळणावरून किणकिण आली. मला वाटलं, कुल्फीवाला. दुसऱ्या दिवशी आवाज आमच्या गल्लीत होता. मग फाटकाशी. अमोलभाऊ म्हणाले, मास्तरसाहेब, फाटकाची कडी ढिली आहे, और कुछ नहीं. पाना आणून त्यांनी ती आवळली, वर तारही गुंडाळली. त्या संध्याकाळी किणकिण फाटकाच्या आत होती. अमोलभाऊ पाना तिथेच टाकून घरी गेले.

आता मुलं येत नाहीत. त्यांच्या आया म्हणतात, मास्तर, कविता शिकवा, पण ते नाव बंद करा, मग पाठवू. त्यांचं काय चुकलं? पण लीला, त्या जुन्या वर्गाला मी शब्द दिला होता की ती येईपर्यंत हजेरीत तिची जागा राहील. हेडमास्तरांनी एकदा मोडायला लावला. आता मी स्वतः मोडू?

एकटी पल्लवी येते. म्हणाली, सर, भीती तर वाटते, पण मला वर्गात उभं राहायची जास्त वाटते. डिसेंबरात कोलार रोडवरच्या एका शाळेत तिला नमुना धडा द्यायचा आहे. समोर मुलं नाहीत तर सराव कशावर करायचा? ती रिकाम्या सतरंजीपुढे उभी राहते, ओठ हलतात, आवाज नाही. आणि पायरीशी कुणीतरी थांबून ऐकत असतं.

तू असतीस तर, असं रोज वाटतं.
अनंतदादा

नागपूर
४ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आयांचं ऐका. नाव सोडून द्या. एका नावापायी आयुष्यभराचं स्वप्न नि त्या पल्लवीचं नुकसान करून घेऊ नका.

एवढंच लिहिणार होते. पण काल दुपारी मी अंगणात तांदूळ निवडत होते, यंत्र काढून ठेवलेलं. फाटकाशी निळ्या झग्यातली एक मुलगी आली, दोन वेण्या. कवितेची शाळा इथेच का, म्हणाली. मी म्हटलं, बाळ, ती भोपाळला. ती म्हणाली, मी रोज दारापर्यंत जाते, आत कुणी घेत नाही. इतकं स्वच्छ बोलणं मी दहा वर्षांत ऐकलं नाही, दादा, आणि कानात काही नव्हतं.

उजव्या पायातलं बक्कल लोंबत होतं. म्हटलं थांब, शिवून देते. सुईदोरा घेऊन येईपर्यंत अंगण रिकामं. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही कुणाशी बोलत होता?

सुईदोरा तसाच पिशवीत घालून ठेवला आहे. माझं येणं मात्र शक्य नाही, हट्ट करू नये. काळजी घ्यावी, मला विसरू नये.
लीला

अवधपुरी
१४ डिसेंबर २०२४

चि. लीलास आशीर्वाद.

तुझं पत्र उशीखाली ठेवून चार दिवस विचार केला. मग घरोघर जाऊन सांगितलं की नाव बंद. आज मुलं आली. अमोलभाऊही आले, दाराकडे पाठ करून बसले.

मी हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं आणि मी थांबलो. पायरीशी येऊन पोचलेली किणकिणही थांबली. सगळी मुलं दाराकडे बघत होती. वाटलं, संपलं एकदाचं. आणि मागून पल्लवी उठली. मी नाव घेतलंच नव्हतं. भिंतीला लागेल अशा आवाजात ती म्हणाली, वाटेवर आहे, सर. मुलं पळाली नाहीत गं. तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने तशाच आवाजात कविता धरली आणि मुलं तिच्यामागून शेवटपर्यंत म्हणत गेली.

सोमवारी तिचा धडा आहे. आता ती सतरंजी गुंडाळते आहे आणि उजेड आहे तोवर मी तुला हे लिहितो आहे. उद्या आया काय म्हणतील ते म्हणोत, मी नाव घेणार. फक्त तिला आत कसं घ्यायचं, ते मला कळत नाही. मी दार उघडतो, तर पायरीवर कुणी नसतं.

फाटक वाजलं. किणकिण आली. आज तिच्याबरोबर आणखी पावलं आहेत, जड, अडखळती. पल्लवी जाळीच्या दाराशी गेली आणि म्हणते आहे, सर, कुणी आजीबाई आल्यात.

लीला, तू आहेस. खांद्याला पिशवी, बगलेत ती वाकडी तपेली, आणि मला कळवलंही नाहीस. माझ्याकडे बघतही नाहीस. तू पायरीवर बसलीस, पिशवीतून सुईदोरा काढलास. वाकून तू कुणाचं तरी बक्कल शिवते आहेस, आणि तुझ्यासमोर कुणी नाही.