ते साल, ती साल

१ डिसेंबर, सोमवार
आजचा दिवस ऑफिसात एका फॉर्मवर गेला.
मोहगावच्या लीलाबाई आल्या होत्या. अकरा बायांचा गट आहे त्यांचा. व्यापारी बारीक म्हणून सोडून देतात ती संत्री घेतात, सोलतात, साल वाळवतात. परदेशातल्या एका चहावाल्याला ही साल चहात टाकायला हवी आहे. नमुना मागितलाय. त्यासाठी आमच्या निर्यात खिडकीचा फॉर्म. ऑफिस मध्य प्रदेश सरकारचं, म्हणून फॉर्म हिंदीत, बाई चौथी मराठी.
'उत्पाद' पुढे लिहिलं, संत्रा. त्याखाली छापलंय 'साल', म्हणजे कोणत्या वर्षाचा माल. बाईंनी लिहिलं, 'संत्र्याची. वाळवलेली. आतला पांढरा भाग काढून.'
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. साहेब रीवाकडचे, मराठी येत नाही, त्यांना समजावून सांगितलं, तेही हसले. दुपारपर्यंत गोष्ट खालच्या चहाच्या टपरीवर पोचली. पोचवली मीच.

२ डिसें.
काल घरी प्रमिलाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हसली नाही.
"तिनं चुकीचं काय लिवलं जी? साल इचारली, तिनं साल सांगतली."
मी म्हटलं, अगं हिंदीत साल म्हणजे वर्ष.
"मंग हिंदीवाल्यानं चुकीचं इचारलं."
आज बसमध्ये सौंसर ते पांढुर्णा तेच डोक्यात. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. अर्ज लिहून घ्यायला याच्या-त्याच्या दारात उभे राहायचे, आणि लिहिणारा असाच हसायचा. म्हणून मला अक्षर घोटायला लावलं. त्या अक्षरावर नोकरी लागली, त्या अक्षराची मिजास करतो, आणि काल त्या लिहिणाऱ्यासारखाच हसलो. लाज वाटली.

४ डिसें.
साहेबांना सरळ विचारलं. फॉर्म दोन रकान्यांत करू, डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी. अर्जदारानं मराठीत भरावं, डावी बाजू मी हिंदीत भरीन.
सा. भला माणूस. विचार करून म्हणाले, "मेश्राम जी, यहाँ तो बाज़ार ही मराठी बोलता है। बना लीजिए। मार्च तक चलाकर देखते हैं, फिर ऊपर वाले तय करेंगे। बस, कोई गड़बड़ न हो।"
गडबड कशाला होईल? चौतीस वर्षांत माझ्या कागदाला कोणी लाल शाई लावलेली नाही.

११ डिसें.
फॉर्म तयार. आवेदक म्हणजे अर्जदार, तुड़ाई म्हणजे तोडणी, छँटाईला 'निवड' घातलं. 'बहार' दोन्हीकडे बहारच राहिला, त्याचं बरं वाटलं. 'साल' काढून दोन्ही बाजूंना 'वर्ष' टाकलं. आता कोणाची फसगत नको.
खिडकीवर पाटी मी हातानं रंगवली : 'इथे मराठीत अर्ज भरता येतो.' रेघ न मारता सरळ आली. बोरगावचे एक म्हातारे पाटीसमोर उभे राहून मोठ्यानं वाचत होते. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. काही काम आहे का विचारलं तर म्हणाले, "काम काई नाई. वाचून राहिलो."
दिवसभर छाती दोन बोटं पुढे.

१६ डिसें.
नव्या फॉर्मवर पहिला अर्ज लीलाबाईंचाच. कुणाला न विचारता उजवी बाजू भरली. अक्षर मोठं, गोल, ओळ सोडून वर जाणारं. उत्पादन : 'संत्र्याची साल, वाळवलेली'. वर्ष : बरोबर.
डावी बाजू मी भरली. पाच मिनिटं लागली. हिंदीत लिहिणं आता श्वासासारखं झालंय, विचार करावा लागत नाही.
सही करताना बाई म्हणाल्या, "भाऊ, ह्या फारमात मले कोनाले इचारा नाई लागलं." तेवढंच. पण बसमध्ये पुन्हा पुन्हा आठवत होतं.

२ जानेवारी, शुक्रवार
वरून प्रमाणपत्र आलं. इंग्रजीत, वर मोहर. सा.नी फोटो काढायला लावला, मध्ये बाई, एका बाजूला सा., एका बाजूला मी नव्या स्वेटरमध्ये. बाईंनी प्रमाणपत्र रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. वाचलं कोणी नाही. आमच्याकडे इंग्रजी कागद पाहायचा असतो.
नमुना ३१ जानेवारीच्या आत पोचला पाहिजे. त्या तारखेनंतर चहावाला यंदाचा माल कोणाकडून घ्यायचा ते ठरवणार.

१३ जाने.
अकरा वाजता लीलाबाईंचा फोन.
"भाऊ, पेटी अडकली नागपूरले. तो पाठवनारा म्हन्ते, पाकिटावर संत्र्याची साल हाये अन् कागदावर संत्र्याचं वर्ष लिवून हाये. असा कोनता माल असते म्हन्ते?"
आधी कळेना. मग फाईल काढली. डावी बाजू, माझं अक्षर, वळणदार : 'संतरे की साल, सूखी'.
हिंदीत छाल झाडाची, छिलका फळाचा. साल म्हणजे वर्षच. शाळकरी पोराला ठाऊक आहे, मलाही आहे. पण हात हिंदीत चालत होता आणि डोकं घरी होतं. वरच्या ऑफिसात हिंदीचं इंग्रजी कॉम्प्युटर करतो. त्यानं केलं, ऑरेंज इयर, ड्राय. वाळलेलं संत्रा-वर्ष.
ज्या शब्दावर बाईंना हसलो त्याच शब्दावर मी पडलो. बाईंना फॉर्मनं फसवलं होतं. मला कोणी फसवलं नाही.
डबा तसाच परत आणला.

१४ जाने.
संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटला, मलाही गोड बोला म्हणून सांगितलं सगळ्यांनी.
सा.नी दार लावून समजावलं. दुरुस्तीचे दोन रस्ते. चूक अर्जदाराची असेल तर नवा अर्ज, पुन्हा रांग, तीन आठवडे. चूक ऑफिसची असेल तर पत्रावर दोन-तीन दिवसांत नवीन प्रमाणपत्र, पण कोणाची चूक ते लेखी खुलाशात नावानिशी द्यायचं. तो खुलासा सेवापुस्तकात लागतो.
"आपका तो डेढ़ साल बचा है। क्यों दाग़ लगवाना? लिख दीजिए कि आवेदक ने मराठी शब्द लिखा, उसी से भ्रम हुआ। झूठ भी नहीं है।"
खोटं नाही, हेच तर वाईट. मी म्हटलं, मग मराठी रकान्याचं काय होईल?
सा. खिडकीबाहेर पाहू लागले. "वो तो फिर बंद ही समझिए।"
सोमवारपर्यंत वेळ दिला आहे.

१६ जाने.
दोन दिवस हिशेब करतोय. कोणाला सांगितलं नाही. तीन आठवडे म्हणजे फेब्रुवारी, म्हणजे नमुना गेला. पाटी उतरवायची ती मीच उतरवायची. दुसऱ्या बाजूला चौतीस वर्षांचं कोरं पुस्तक. निरोपसमारंभात काय बोलायचं तेही मनात तयार आहे, पहिलं वाक्य याच कोऱ्या पुस्तकाचं आहे.
प्रमिलानं विचारलं, तब्येत बरी नाही का जी? हो म्हटलं.

१८ जाने., रविवार
मोहगावला गेलो. बाईंना फोनवर सांगणं जमेना.
गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर साल. गल्लीत शिरतानाच वास आला. अकराही बाया होत्या, उलथून ठेवत होत्या. एकेक तुकडा हातानं. काळा पडलेला वेगळा, जाड वेगळा. माझ्या ऑफिसात इतक्या निगुतीनं कोणी फाईल लावत नाही.
उभ्या उभ्या सांगितलं. कागदावर वर्ष आलं ते माझ्यामुळे. डावी बाजू मी भरली होती, चूक माझी.
लीलाबाईंनी हातातला तुकडा साडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, मी साल लिवलं तवा तुम्ही हासले होते. टपरीवाल्यानं सांगतलं मले."
मी म्हटलं, हो. हसलो होतो.
"मंग आता आमी हासू का?"
"हसा."
आणि खरंच हसल्या. एकजण दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. माझे कान तापले, उभा राहिलो. हसू ओसरल्यावर बाईंनी पाणी दिलं, मूठभर साल पुडीत बांधून दिली, चहात टाकायला.
निघताना जिन्यात बाईंनी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, पेटी जाईल ना? ह्या बायाईनं लेकराइले संत्री खाऊ नाई देल्ली, साल फाटते म्हनून."
जाईल म्हटलं. बसमध्ये बसल्यावर कळलं की आपण ठरवून बसलोय.

१९ जाने., सोमवार
खुलासा दिला. हिंदीत, हातानं लिहिला, माझ्या उत्तम अक्षरात. आवेदकानं आपल्या भाषेत अचूक माहिती दिली होती. हिंदी करताना माझ्याकडून चूक झाली. शेवटचं वाक्य आधी मनात मराठीत आलं, मग नीट तपासून हिंदी केलं : 'त्रुटि मेरी है, मराठी की नहीं।'
सा.नी दोनदा वाचलं. "सोच लिया?"
"सोच लिया सर."
सही करून पुढे पाठवलं. मग आपला चहा माझ्याकडे सरकवला.
घरी प्र.ला सगळं सांगितलं. म्हणाली, "डाग कायचा? चुकलं तर चुकलं म्हनाले लागते." नंतर मात्र भाजीत तेल जास्त पडलं होतं. ती खूश असली की पडतं.

२२ जाने.
नवीन प्रमाणपत्र आलं. या वेळी वाचलं. डिक्शनरी घेऊन, बोट ठेवून, मोहरेतली अक्षरंसुद्धा. ऑरेंज पील. सा.नी वाचलं, शिपायानं वाचलं, मग नागपूरला पाठवलं.

२४ जाने.
पेटी निघाली. बाईंचा फोन, "उडाली भाऊ." मागे अकराजणींचा गलका. मी खिडकीवर होतो, समोर रांग. मोहगावच्या गच्चीवरचा माल समुद्रापार जातोय आणि त्याच्या कागदावर एक मराठी रकाना आहे. माझ्या हातून झालेल्या कामांत हे सगळ्यांत मोठं, चुकीसकट.

२९ जाने.
पोचली. चव घेऊन कळवतो म्हणाला चहावाला.

३ फेब्रुवारी
सेवापुस्तकात नोंद लागली. पाहिली. अर्धी ओळ आहे. निरोपाच्या भाषणाचं पहिलं वाक्य बदलावं लागेल.
बोरगावच्या दोघी आल्या, पापडवाल्या. मराठी बाजू त्यांनी भरली. हिंदी बाजू मी भरली आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, शब्द न् शब्द. थोरली म्हणाली, "बाबूजी, तुमी लई चिकित्सा करता." म्हटलं, नवीन सवय आहे.

९ फेब्रु., सोमवार
चहावाल्याचं उत्तर अजून नाही. लीलाबाई रोज फोन करत नाहीत, एक दिवसाआड करतात.
वरून पत्र आलंय. दोन भाषांमुळे चूक झाल्याचं निदर्शनास आलं, तरी मराठी रकान्याचं औचित्य आठ दिवसांत कळवा, अन्यथा तो वगळण्यात येईल.
पत्र घेऊन सा.कडे गेलो. वाटलं, आता म्हणतील, जाने दीजिए. त्यांनी टेबलाच्या कडेची फाईल बाजूला करून मला जागा केली.
"मेश्राम जी, आप पहले मराठी में लिखिए। जो कहना है, पूरा। फिर मुझे समझाइए, हिंदी मैं करूँगा।" मग हसून, "छिलका मैं सँभाल लूँगा।"
मराठीत सरकारी पत्र चौतीस वर्षांत पहिल्यांदा लिहायला बसलो. मराठीत साल दोन आहेत, ते साल आणि ती साल, आणि मोहगावच्या चौथी शिकलेल्या बाईला दोन्ही ठाऊक आहेत, इथून सुरुवात केली. बाबांचंही लिहिलं. मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं.
दोन पानं झाली. सा. समोर बसून थांबले होते. वर तारीख घालायची राहिली होती. दिवस लिहिला, महिना लिहिला, वर्षापाशी हात थोडा अडखळला.
सा. म्हणाले, "क्या हुआ?"
म्हटलं, काही नाही, साल लिहून राहिलो.