तानाकाकूंच्या नावावरचं पाणी

१९ जानेवारी

तानाकाकूंचं दूध आज गटारात ओतलं. सगळ्या रांगेसमोर!

पाणी चौदा टक्के. आकडा माझ्या स्क्रीनवर आला आणि मीच तो मोठ्यानं वाचला. दूध संस्थेचे चेअरमन विजयसिंह आबा तिथंच उभे होते. म्हणाले, "पंधरा दिस कार्ड बंद. नाव फळ्यावर लिवा." आत तपासणीला दूध ओतणारा ज्ञानू बाहेर आला, त्यानं किटली उचलली आणि उपडी केली.

काकूंनी रिकामी किटली उचलली. मग माझ्या खिडकीशी आल्या.

"पोरी, तुझं मशीन चुकलं न्हाय न्हवं?"

"मशीन खोटं बोलत नाही, काकू."

किती सहज म्हणाले मी.

२० जानेवारी

फळ्यावर नाव आहे. काकू आल्या नाहीत.

२३ जानेवारी

काकूंचं घर आमच्यापासून तिसरं. दार लावलेलंच असतं. त्यांची सून गिरणीत भेटली. "चार दिस झालं, धड भाकरी मोडली न्हाय त्यास्नी. दूध काढत्यात आनी समदं रेडकाला पाजत्यात. रेडकू हगवनीनं आडवं पडलंय." पाठीमागं दोघी बायका हसत होत्या. 'पाणीवाली' म्हणत होत्या.

घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "जेवून घे." एवढंच.

२७ जानेवारी

आज जे दिसलं ते लिहिते.

मशीन आतल्या खोलीत आहे, स्क्रीन माझ्याकडं बाहेर. मशीन केबलमधून आकड्यांची एकेक ओळ पाठवतं. माझी पायथनची स्क्रिप्ट, छोटा प्रोग्रामच तो, सॉकेटवर ती ओळ वाचते आणि ज्याचं कार्ड समोर असेल त्याच्या नावावर टाकते. सहा महिने असंच चाललंय. मीच केलंय ते, संस्थेत सगळ्यांना कौतुक!

ज्ञानू एरवी मशीनवरच्या आकड्याकडं बघतही नाही. आज आतून ओरडला, "बाळासोंचं सात दोन आलं की गं! झ्याक!"

माझ्यासमोर बाळासोंच्या नावापुढं फॅट पाच आठ.

पुढचा माणूस आला. त्याला सात दोन.

त्याचा मशीनवरचा आकडा मी ज्ञानूला विचारून ठेवला आणि त्याच्यानंतरच्याला काय येणार ते ताडलं. तसंच आलं. एकाचं माप दुसऱ्याला! सगळं बंद करून परत चालू केलं, तर पुन्हा बरोबर. रांगेत कुणाला काही कळलं नाही. मला मात्र कळलं.

२८ जानेवारी

तोहिदला फोन केला. कॉलेजात बरोबर होता, आता कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत मशीनचा डेटा वाचायचंच काम करतो. मी कोड वाचून दाखवला. वाटलं हसेल. हसला नाही.

"अनुजा, सॉकेट म्हंजे पाइप हाय. त्यातनं पाकिटं येत न्हाईत, धार येती. एकदा वाचलंस म्हंजे एकच ओळ आली, असं कोण बोललं तुला? कधी अर्धी येईल, कधी दोन येतील. कुठं तोडायचं ते आपुन बघायचं."

आणि मी? दोन ओळी एकदम आल्या तर पहिली घ्यायची, उरलेली पुढच्या वेळेला ठेवायची, असं लिहिलंय! दुधाला फेस आला की ज्ञानू तेच दूध दोनदा लावतो. मशीन दोन ओळी पाठवतं. दुसरी ओळ रांगेतल्या नंतरच्या माणसाच्या नावावर. त्याची त्याच्या मागच्याच्या. अशी सगळी रांग एकानं सरकते, मशीन बंद होईपर्यंत.

मी चाचणी घेतली होती. स्वतः एकेक ओळ पाठवून. दोन एकदम कधी पाठवल्याच नाहीत.

तोहिद शेवटी म्हणाला, "कुनाला तरास तर न्हाय ना झाला?"

मी फोन ठेवला.

३० जानेवारी

पुण्यात पाच मुलाखती झाल्या, पाचही ठिकाणी नापास. ही एकच गोष्ट मी पुरती केली होती आयुष्यात. तिनं एका म्हातारीला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

आबांना सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "गाजावाजा करू नगंस. उद्या समदी म्हनतील आमचंबी फॅट चुकलं. काकूचं कार्ड चालू कर, फळा पूस." मी गेले नाही. उभीच राहिले. मग वैतागून म्हणाले, "बरं! पुढच्या शनवारी मीटिंग हाय. तवा वाच. पर पानी कुनाचं हुतं त्ये काढून आन. नाव पायजे मला."

फळा मी ओल्या फडक्यानं पुसला. अक्षरं गेली, पण खडूचा पांढरा डाग राहिलाच.

१ फेब्रुवारी

प्रत्येक ओळीच्या शेवटी मशीन स्वतःची वेळ लिहितं. स्क्रिप्टमध्ये ती मी टाकून देत होते — कशाला लागतेय म्हणून! पण मशीनच्या ओळींची मूळ फाइल शाबूत आहे. मशीनची वेळ आणि कार्डाची वेळ शेजारी ठेवून जुळवत बसले.

एकोणीस तारीख. बावीस नंबरला फेस आला, दोनदा तपासलं. तिथून सगळे सरकले. तानाकाकूंचा नंबर एकेचाळीस. म्हणजे चौदा टक्के पाणी त्यांच्या पुढं उभ्या असलेल्या चाळीस नंबरचं.

चाळीस नंबर आमचा आहे.

दूध घालायला आई जाते.

तीनदा जुळवलं. चाळीसच.

२ फेब्रुवारी

दिवाळीपासून म्हैस आटत आलीय, हे मला दिसत होतं. किटली तेवढीच भरत होती, हेही दिसत होतं. आमचा पाण्याचा आकडा एरवी चार-पाचच्या वर जात नव्हता, तेवढं संस्था सोडून देते. मी स्क्रीनकडंच बघत राहिले.

आज आई गोठ्यातून आली, हात धुतले, माझ्यासमोर चहा ठेवला. पाण्याचं विचारायचं होतं. नाही जमलं!

दुपारी फाइल उघडली. चाळीस नंबरची ओळ निवडली. एक बटण दाबलं की गेली, आणि ती होती हे कुणाला कळणारही नाही. बोट ठेवून बसले. किती वेळ, माहीत नाही. पुसली नाही. पण पुसायचं मनात आलं होतं, हे इथं लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

काकूंकडं गेले. सांगितलं — चूक माझी, तुमचं दूध चोख होतं. त्या रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत.

"मग पानी कुनाचं हुतं?"

"शनिवारी कळेल, काकू." डोळ्यांत बघवलं नाही.

"मला नगं कुनाचं नाव. माझं न्हवतं, एवढं वरडून सांग. वतताना वरडून वतलंसा की."

येताना आमच्या दारात आई उभी होती. "काय म्हनली तानाबाई?" मी म्हटलं, "काही नाही." आई माझ्याकडं बघतच राहिली.

६ फेब्रुवारी

उद्या मीटिंग. ताप यावा, लाइट जावी, काहीही व्हावं. आईला घरी थांब म्हणायचं होतं. का, म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते?

७ फेब्रुवारी

यादी वाचली. बावीसपासून, प्रत्येकाचा खरा आकडा. एकोणचाळीसपर्यंत आले आणि कागद खाली घेतला. आबा म्हणाले, "पुढं?"

बायकांतून आई उठली.

"वाच की. आमचंच हाय. पानी मी घातलंय."