दुसरं डेरिव्हेटिव्हही शून्य आलं तर

मंगळवार, ४
सासऱ्यांनी आज माझ्या हातातला खडू काढून घेतला. बावीस मुलांसमोर!

उदाहरण साधं होतं — x चा चौथा घात. x शून्य असताना पहिलं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उतार, शून्य; वक्र तिथे आडवा. आता तो माथा, तळ, की वाटेतली नुसती सपाटी? दुसरं डेरिव्हेटिव्हही शून्य आलं. त्यावरून काहीच ठरत नाही. दोन्ही बाजूंचा उतार बघावा लागतो. डावीकडे उतरण, उजवीकडे चढ — तळच की! तेच लिहीत होते.

"पुसा ते, सूनबाई. दुसरंही शून्य म्हणजे माथा नाही, तळ नाही. लिहून घ्या रे!"

पोरांनी लिहून घेतलं. मी खाली मान घालून उभी.

बुधवार, ५
नवऱ्याला सांगितलं. "बाबा तीस वर्षं शिकवताहेत. तू कालची."

कालची! नऊ वर्षं झाली. खाली क्लास, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. साहेबही तेच, सासरेही तेच. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

शनिवार, ८
आज परत तेच उदाहरण घेतलं त्यांनी. या आठवड्यात तिसऱ्यांदा! मला खिजवायलाच.

सोमवार, १०
चाचणीत तेच आलं. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने उतार तपासून 'तळ' लिहिलं. सासऱ्यांची लाल फुली. पोरगी माझ्याकडे आली — "मॅडम, माझं काय चुकलं?"

"सरांनी सांगितलंय तसंच लिही."

हे मी बोलले. मी!

बुधवार, १२
चष्मेवालीला जिन्यात गाठलं. "तुझंच बरोबर आहे. मी घाबरले होते गं."

"मला माहीत होतं, मॅडम," म्हणाली. नक्की काय माहीत होतं, ते विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी एका शाळेत अर्ज टाकून आले. घरात कुणाला पत्ता नाही.

शुक्रवार, २१
निवड झाली!! एक तारखेला हजर व्हायचं.

परवा सासऱ्यांना तोंडावर सांगणार. वाक्यही घोकून ठेवलंय — तुम्हांला चूक कबूल करता येत नाही, आणि मला ती शिकवता येत नाही.

रविवार, २३
खाली गेले. रिकाम्या वर्गात ते एकटेच उभे होते. मी तोंड उघडणार, तोच अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "बाई, इथे गणिताचे सर कुठे बसतात हो?"