ब्रॅकेटची मागची बाजू

प्रिय दादा,

दार लागलं. एका बोटानं, आणि तेही गाडीचं एक चाक जॅकवर उचललेलं असताना. यातलं महत्त्व तुला वेगळं सांगायला नको. आपल्या तांबडीचं पुढचं एक चाक उचललं की अख्खी बॉडी पिळवटायची, ड्रायव्हरकडचं दार चौकटीत अडकून बसायचं, मग तू खिडकीतून आत शिरायचास आणि अप्पा म्हणायचे, ही गाडी आहे की भिजलेलं खोकं. काल दुपारी मी तेच चाक वीतभर उचललं, दार उघडलं, बोटानं ढकललं आणि खट्ट आवाज आला. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. किती वेळा ते मोजलं नाही, पण शेवटी अप्पाच म्हणाले, "पुरे आता, बिजागरी झिजेल."

हे फोनवर सांगितलं असतं, पण तांबडीचं नाव काढलं की तू हवापाण्यावर येतोस आणि तेवढ्यात तुझी बस येते. कागदाला बस पकडायची नसते. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण तुला ते लहानपणापासून वाचता येतं.

सुरुवात जागेच्या अडचणीतून झाली. वर्कशॉपमध्ये पाइप वाकवायचं नवं मशीन घ्यायचं ठरलं, त्यासाठी मागची शेड रिकामी करायला हवी होती, आणि तिथं ती उभी होती, अकरा वर्षांच्या धुळीखाली, पुढचं नाक चेपलेलं. भंगारवाल्याला बोलवू का, असं मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "एक तर भंगारात घाल, नाहीतर उभी कर. हे मधल्यामध्ये लटकणं मला बघवत नाही." मग काय, दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री ओढली आणि बाह्या सरसावल्या.

जुन्या इंजिनाला मोठी चीर गेली होती. त्याच कंपनीचं पुढचं, थोरलं इंजिन एका मोडीत निघालेल्या गाडीतून मिळालं. ताकद भरपूर, पण वजनही चाळीस किलो जास्त, आणि माउंटच्या जागा चार बोटं इकडेतिकडे. म्हणजे इंजिनाला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेट पहिल्यापासून बनवायच्या आणि एवढा जोर पेलायला चासीही बांधून काढायची. मला तर आकाश ठेंगणं झालं. गिऱ्हाइकांची फाटकं आणि जिन्याचे कठडे करून करून मी पार आंबले होते रे.

दोन्ही शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबांमध्ये एक आडवी नळी टाकली आणि तिला मागच्या पत्र्याकडे दोन तिरके हात दिले. खाली, पुढच्या चाकांच्या मधोमध, आणखी दोन नळ्या फुलीसारख्या. आधी बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सगळे नमुने बनवले. तरी पहिली नळी जास्त वाकली, दुसरी बॉनेटला टेकली, तिसरी बसली. वेल्डिंगनं लोखंड ओढलं जातं हे तूच मला शिकवलं होतंस, म्हणून एका जागी बोटभर मारायचं, मग समोरच्या बाजूला बोटभर, मग थांबायचं. थांबायचं हे काम मला कधीच जमलं नाही, ते अप्पांनी केलं. ते स्टुलावर घड्याळ घेऊन बसायचे आणि हात लावला की काठी आपटायचे. शिवाय प्रत्येक जोडावर छोटी हातोडी मारून कान देऊन ऐकायचे. एक जोड त्यांना बद्द वाटला. वरून तो इतका सुबक होता की मी वाद घातला. शेवटी कापून पाहिला, तर आत पोकळ. दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला जेवण गोड लागेना.

आणि माउंट. पाच मिलिमीटरची पट्टी, तिला दोन्ही बाजूंनी त्रिकोणी आधार, मध्ये नवं रबर. इंजिन साखळीला लटकवून हळूहळू खाली सोडलं. मी डोळे मिटून बोल्ट भोकात घातला आणि तो हातानं फिरत फिरत शेवटपर्यंत गेला. पान्याची गरज पडली ती फक्त आवळायला. दादा, त्या क्षणी कुणीतरी हवं होतं शेजारी, ज्याला कळलं असतं.

गुरुवारी सकाळी ती सुरू झाली. पहिल्या किल्लीला खोकली, दुसरीला असा आवाज आला की शेजारचा सुतार रंधा हातात घेऊन बाहेर आला. मागच्या मोकळ्या आवारात मी तिला फिरवलं. वळताना आधी तिचं पुढचं धड एकीकडे आणि मागचं दुसरीकडे विचार करायचं, आठवतं? आता स्टिअरिंग वळवलं की सगळी एकदम वळते. तिसऱ्या फेरीला अप्पा आले, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि शेजारी बसले. शर्यतीतल्या त्या धडकेनंतर पहिल्यांदाच. उतरताना म्हणाले, "त्यानं चालवायला हवी ही."

वहिनीचा काल रात्री फोन होता. तुझ्या लेकीला गाडी शिकायची आहे आणि तू नाही म्हणतोस. तिनं कारण विचारलं तर म्हणालास, ज्याचा स्वतःचा पाय ब्रेकऐवजी भलत्याच पेडलवर पडला आणि बापाचा गुडघा गेला, त्याच्या घरात कुणी स्टिअरिंग धरू नये. हे ऐकलं आणि ठरवलं, आता एक दिवसही थांबायचं नाही.

तर ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. जुन्या ब्रॅकेट कापून काढल्या तेव्हा उजवीकडची हातात घेऊन मी जमिनीवरच बसले. पुढून जाड, देखणं वेल्डिंग. मागून नुसते दोन टाके, तेही फाटलेले. शर्यतीच्या आदल्या दुपारी ती मी बसवली होती. मागे हात पोचायला इंजिन उतरवावं लागलं असतं, दोन तास गेले असते, आणि मला मैत्रिणीकडे जायचं होतं. तू विचारलंस, "मागून मारलंस ना?" मी म्हणाले, "हो." मी हे विसरले होते असं लिहिणार होते, पण विसरले नव्हते. ब्रॅकेट धडकेनं तुटली असं सगळे म्हणाले, पाय चुकला असं तू म्हणालास, आणि मी ते सोयीचं म्हणून मानून घेतलं. मग या वेळी जुनं बॉनेट नीट पाहिलं. त्याच्या आतल्या बाजूला इंजिनवरच्या झाकणाचा लांब ओरखडा आहे आणि तो धडकेनं पडलेल्या घडीच्या आतपर्यंत जातो. घडी पडल्यावर तिथं काही पोचणंच शक्य नाही. म्हणजे धडकेच्या आधीच इंजिन वर उचललं गेलं होतं. वळणावर माझी ब्रॅकेट फाटली, इंजिन कलंडलं, त्यानं अॅक्सिलरेटरची तार ओढली आणि गाडी आपोआप सुटली. अप्पांना दोन्ही दाखवलं. त्यांनी ब्रॅकेट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "माझं राहू दे. आधी त्याला कळव." दोन्ही वस्तू बाकावर ठेवल्या आहेत. ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग मला काय बोलायचं ते बोल किंवा बोलूच नकोस, मी ऐकून घेईन. पण लेकीला हे आजच सांग. त्या वळणावर तू ब्रेकच दाबला होतास, दादा. तुझा पाय चुकला नव्हता.

तुझीच,
बारकी